एकदा ओतलेले पाणी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो आणि मराठवाड्यातील एका लहानशा धर्मग्रामात साहाय्यक म्हणून कामास लागलो होतो. धर्मग्रामातील एका तरुणाचे लग्न ठरले. मुलगी सोलापूरकडची, प्रोटेस्टंट घराण्यातील. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून तिचे वाडवडील ख्रिस्ती. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला, ‘‘फादर, मुलगी आपल्यात यायची, तर तिचा स्नानसंस्कार आपल्या पद्धतीने होऊन जाऊ द्या. पुढे कटकट नको.’’ आम्हीही फारसा विचार केला नाही. तिच्या मंडळीच्या पाळकांना पत्र लिहून चौकशी करणे हे आमचे कर्तव्य होते. ते आम्ही टाळले. एका शनिवारी सायंकाळी, मोजक्या माणसांसमक्ष, तिच्या मस्तकावर आम्ही पाणी ओतले.

विधी आटोपल्यावर मुलीची आजी आमच्याजवळ आली. आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, ‘‘फादर, ही सव्वा महिन्याची होती तवा पाळकसाहेबांनी हिला बाप्तिस्मा दिला. मीच हातावर घेऊन उभी होते. बापाच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानंच दिला होता. मग आज तुम्ही काय दिलं?’’

आम्हाला उत्तर सुचले नाही. सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या परीक्षेत नेमक्या याच प्रश्नावर आम्ही चार पाने लिहिली होती आणि गुणही चांगले मिळाले होते. परंतु जे उत्तरपत्रिकेत लिहिले, ते पाणी ओतताना आठवले नाही. आमचे वृद्ध मुख्य धर्मगुरू त्या वेळी गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, ‘‘तुमच्या पाण्याने त्या मुलीचे केस तेवढे ओले झाले. जे व्हायचे होते ते ती सव्वा महिन्याची असतानाच झाले होते.’’

तो प्रश्न आणि ते उत्तर आम्ही आजवर जवळ बाळगले आहे. या लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे. आपल्या पूर्वजांसमोर हाच प्रश्न सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांत कडाक्याचे मतभेद झाले. तरीही ख्रिस्तसभा दुभंगून नाहीशी झाली नाही. ती कशामुळे टिकली? एका पक्षाने वाद जिंकला म्हणून टिकली की दुसऱ्याच कशाने?

आज आम्ही धाराशिव जिल्ह्यात सेवा करतो. या जिल्ह्यातले तेर आपणा सर्वांच्या परिचयाचे, गोरोबाकाकांचे गाव. हेच प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचे नाव आहे. येथील कापड भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून समुद्रमार्गे रोमन जगात. ज्या शतकात आपल्या या मातीतले कापड पश्चिमेकडे जात होते, त्याच शतकात पश्चिमेकडील नगरांतून प्रेषितांची पत्रे एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीकडे जात होती. ती वाचू जावे तर जागोजागी वादच वाद! आद्य ख्रिस्तसभा म्हणजे मतभेद नसलेले एक सोवळे कुटुंब, हा आपला भाबडा समज आहे. सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांना मंडळीत घ्यावे की नाही, यावरून सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांना एकत्र बसावे लागले. तेथे पेत्र बोलला, पौल व बर्णबा बोलले, याकोबाने समारोप केला. वाद दडपून टाकलेला नव्हता; तो सर्वांसमक्ष मांडून, ऐकून, निर्णयाला नेलेला होता.

त्यानंतर शंभरएक वर्षांनी पुनरुत्थानाच्या सणावरून वाद निघाला. आशिया प्रांतातील मंडळ्या यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, मग वार कोणताही असो, पास्काचा सण पाळीत. रोमची मंडळी तो रविवारी पाळी. स्मर्नाचे महागुरू संत पॉलिकार्प सन १५५ च्या सुमारास, वार्धक्यात, एवढा प्रवास करून रोमला गेले आणि पोप अनिसेटस यांना भेटले. दोघांनी आपापली परंपरा मांडली. कोणीही कोणाचे मत पालटू शकला नाही. आणि तरीही अनिसेटस यांनी आपल्या मंदिरात मिस्साबली अर्पण करण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला, आणि दोघे शांततेने एकमेकांचा निरोप घेऊन निघाले. पुढे सन १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर यांनी आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा लिऑनचे महागुरू संत इरेनियस यांनी त्यांना पत्र लिहून या जुन्या भेटीची आठवण करून दिली. विशेष हे की, इरेनियस स्वतः रविवारच्या पक्षाचे होते. ज्यांचे मत आपल्याला पटत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी आपल्याच पक्षाच्या प्रमुखाकडे रदबदली केली. ‘इरेनियस’ या नावाचा ग्रीक अर्थच मुळी शांतीशी जोडलेला आहे.

परंतु सणाचा दिवस ही रीतीची बाब झाली. जेथे प्रत्यक्ष संस्कारावरूनच, म्हणजे श्रद्धेच्या गाभ्याजवळ, मतभेद होतो तेथे काय करावे? आजीबाईंचा प्रश्न येथे येतो.

सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने सर्व प्रजाजनांनी देवतांना बळी अर्पण करावेत, असे फर्मान काढले. अनेक ख्रिस्ती हुतात्मे झाले. त्याहून अधिक डळमळले. कोणी बळी दिला, कोणी लाच देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसे रडत मंदिराच्या दारी आली. त्यांना क्षमा करावी काय? रोमचे महागुरू कोर्नेलियस व कार्थेजचे महागुरू सिप्रियन म्हणाले, प्रायश्चित्त घेऊन त्यांना परत घ्यावे. रोममधील नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू म्हणाला, मुळीच नाही. सन २५१ मध्ये तो स्वतःच प्रतिस्पर्धी महागुरू होऊन बसला आणि त्याच्या पंथाची मंदिरे ठिकठिकाणी उभी राहिली.

काही वर्षांनी त्या पंथात स्नानसंस्कार झालेली माणसे मूळ ख्रिस्तसभेत येऊ लागली. त्यांच्यावर पुन्हा पाणी ओतावे काय? सिप्रियन म्हणाले, ओतावेच. ख्रिस्तसभेबाहेर पवित्र आत्मा नाही, तर संस्कार तरी कोठून असणार? कोर्नेलियस यांच्यानंतर थोड्याच काळात रोमच्या आसनावर आलेले पोप स्टीफन म्हणाले, नाही; परंपरा अशी की अशांवर प्रायश्चित्तासाठी केवळ हात ठेवावेत. वाद चिघळला. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेज येथे आफ्रिकेतील महागुरूंची परिषद भरली. तिच्या वृत्तान्तात ८७ मते नोंदलेली आहेत आणि ती सर्व सिप्रियन यांच्या बाजूची आहेत. मात्र परिषदेच्या प्रारंभीच सिप्रियन यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती: प्रत्येकाने आपले मत मोकळेपणी सांगावे, आपण कोणाचा न्याय करावयास बसलेलो नाही आणि जो वेगळे मत धरील त्याला आपण सहभागितेतून काढणार नाही. स्टीफन मात्र संतापले होते. त्यांनी आफ्रिकेहून आलेल्या प्रतिनिधींना भेटही दिली नाही. अलेक्झांड्रियाचे महागुरू डायोनिसियस यांनी दोन्ही बाजूंना सबुरीची पत्रे लिहिली. सन २५७ मध्ये स्टीफन निवर्तले. १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला.

पुढे ख्रिस्तसभेने कोणाचे मत स्वीकारले? स्टीफन यांचे. सन ३१४ मध्ये आर्ल येथील परिषदेने ठरविले की, ज्याला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार मिळालेला आहे त्याच्यावर पुन्हा पाणी ओतू नये, हात ठेवावेत. म्हणजे सिद्धांताच्या बाबतीत सिप्रियन यांची चूक झाली होती. आणि तरीही, वाचकहो, मिस्साबलीतील पहिली, म्हणजे जुनी रोमन, महाप्रार्थना आठवून पाहा. तीत कोर्नेलियस यांच्या पाठोपाठ नाव येते ते सिप्रियन यांचे. दोघांचा सणही एकाच दिवशी, १६ सप्टेंबरला. रोमच्या महागुरूला ज्याने विरोध केला, त्याचे नाव रोमने आपल्या वेदीवरच्या प्रार्थनेत जपून ठेवले! मत चुकले, पण त्या मतासाठी त्याने बंधूला परका मानले नाही, हे ख्रिस्तसभेने ओळखले.

दीडशे वर्षांनी हेच सत्य संत अगुस्तीन यांना उपयोगी पडले. उत्तर आफ्रिकेत डोनेटस याच्या अनुयायांचा मोठा पंथ झाला होता. त्यांचे म्हणणे असे की, छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार बाटलेले. म्हणून कॅथलिक मंडळीतून येणाऱ्यांना ते पुन्हा स्नानसंस्कार देत आणि दाखला देत सिप्रियन यांचाच. सन ४०० च्या सुमारास अगुस्तीन यांनी स्नानसंस्कारावर सात पुस्तके लिहिली. त्यांच्या युक्तिवादाचे सार असे: संस्कार देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो, पन्हळ दगडाची असो वा चांदीची, पाणी तेच. आणि सिप्रियन यांचे अनुकरणच करावयाचे, तर त्यांच्या चुकीचे कशाला? त्यांनी ऐक्य सोडले नाही, त्याचे करा. सन ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही बाजूंचे पाचशेहून अधिक महागुरू समोरासमोर बसले. त्याआधी कॅथलिक महागुरूंनी लिहून दिले होते की, आपण हरलो तर आपली आसने सोडू. जिंकलो तर डोनेटसपंथी महागुरूंना आपल्या शेजारी आसन देऊ. खुर्ची सोडण्याची तयारी दाखवून ऐक्याची बोलणी करणारे पुढारी इतिहासात विरळाच.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. याच वादात अगुस्तीन यांनी पुढे शासनाच्या दंडशक्तीचे समर्थन केले. डोनेटसपंथीयांची मंदिरे जप्त झाली, दंड बसले. त्या जबरदस्तीच्या ऐक्याने मने जुळली नाहीत, आणि पुढील शतकांत अगुस्तीन यांच्या नावाचा आधार घेऊन कितीतरी जुलूम झाले. थोर संतांच्या चुकाही आपण नम्रपणे वाचल्या पाहिजेत.

मग ऐक्यासाठी सारेच सोडून द्यावयाचे काय? नाही. सन ३२५ च्या नायसिया परिषदेने नोव्हेशियनपंथीयांना हात ठेवून स्वीकारले. परंतु समोसाटाच्या पॉलच्या अनुयायांना मात्र पुन्हा स्नानसंस्कार द्यावा, असे ठरविले. कारण त्यांच्या शिकवणीत पुत्राचे ईश्वरत्वच उरले नव्हते. नाव तेच असले तरी श्रद्धा निराळी होती. संत अथानेशियस पुत्राच्या ईश्वरत्वासाठी पाच वेळा हद्दपार झाले. तेथे त्यांनी तसूभर माघार घेतली नाही. पण हेच अथानेशियस सन ३६२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या परिषदेत निराळ्या रूपात दिसतात. ‘हायपोस्टेसिस’ या एका ग्रीक शब्दावरून नायसियाचे मित्रच आपसात भांडत होते. एक गट म्हणे, देवामध्ये तीन आहेत. दुसरा म्हणे, एकच. अथानेशियस यांनी दोघांनाही विचारले, ‘या शब्दाने तुम्हाला काय म्हणावयाचे आहे?’ उत्तरे ऐकली, तेव्हा कळले की श्रद्धा एकच आहे, शब्दांची वाटणी निराळी आहे. त्यांनी दोघांनाही जवळ केले. आधी विचारावयाचे, मग ठरवावयाचे, हा धडा त्या सायंकाळी आम्ही विसरलो होतो.

या दूरच्या गोष्टी झाल्या. आपल्या महाराष्ट्राने यातून काय घेतले?

आपल्या कॅथलिकांच्या घरातले आधी पाहू. मुंबईत पोर्तुगीज राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्काचे व रोमच्या ‘प्रोपगंडा’चे असे दोन पक्ष होते. सन १७९४ मध्ये तेथील धर्मग्रामांची दोन अधिकाऱ्यांत वाटणी झाली आणि ही दुहेरी सत्ता सन १९२८ च्या करारापर्यंत या ना त्या स्वरूपात चालली. सन १८५३ मध्ये माहीमच्या संत मायकल मंदिरासाठी तर वेढा पडण्यापर्यंत मजल गेली. दोन्ही पक्षांची श्रद्धा एक, संस्कार एक, मिस्साबली एक. भांडण फक्त अधिकाराचे. सिद्धांत एक असला म्हणजे ऐक्य आपोआप राहते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

दुसरे उदाहरण आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. वाटाघाटी सन १९२९ पासून चालू होत्या, म्हणजे एकेचाळीस वर्षे! त्यांत अँग्लिकन होते, जे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. आणि बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स होते, जे जाणत्या वयात स्वतः श्रद्धा कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात. हा लहानसहान भेद नव्हे. तरीही दोन्ही रीती एकाच मंडळीत पर्याय म्हणून मान्य झाल्या. हे ऐक्य निर्वेध झाले असे मात्र नाही. एक मोठी मेथडिस्ट मंडळी अखेरच्या क्षणी बाजूला झाली. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०१३ मध्ये लागला. तथापि एकेचाळीस वर्षे माणसे एका टेबलाशी बसत राहिली, हे विसरता येत नाही. आजीबाईंची मंडळी याच ऐक्यात सामील झालेली होती.

आता पुन्हा आमच्या सध्याच्या धर्मग्रामाकडे येऊ. मागील वर्षी येथेही तसाच एक विवाह ठरला. या खेपेस आम्ही मुलीच्या पाळकसाहेबांना पत्र लिहिले. आठ दिवसांत बाप्तिस्मा-नोंदवहीचा उतारा आला आणि सोबत त्यांच्या हस्ताक्षरात चार ओळी, मुलीला आशीर्वाद कळविणाऱ्या. आम्ही धर्मग्राम समितीत सांगितले की, हिचा पुन्हा स्नानसंस्कार होणार नाही. सन १९८३ च्या आपल्या धर्मसंहितेचे ८६९ वे कलम हेच सांगते: चौकशीअंती गंभीर शंका उरली तरच सशर्त संस्कार द्यावा, एरवी नाही.

बैठकीत चुळबुळ झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘‘फादर, मग आपल्यात नि त्यांच्यात फरक तो काय राहिला?’’ दुसरे म्हणाले, ‘‘त्यांचं मडकं कच्चं ते कच्चंच.’’

पहिला प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. फरक आहे. ख्रिस्तशरीराविषयी, धर्मगुरुपदाविषयी, पेत्राच्या आसनाविषयी आपली श्रद्धा आणि त्यांची श्रद्धा अद्याप एक नाही. त्यामुळेच लग्नाच्या मिस्सात मुलीचे आईवडील पहिल्या बाकावर बसले, पण ख्रिस्तशरीर घ्यावयास पुढे आले नाहीत. तो क्षण आम्हालाही बोचला. तो बोचलाच पाहिजे. दुरावा आहे हे कबूल करावे, पण त्याची सवय होऊ देऊ नये. मात्र जेथे फरक नाही तेथे तो निर्माण करणे, ख्रिस्ताने ज्याला आपले म्हटले त्याला आपण पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करणे, हा श्रद्धेचा अभिमान नव्हे. तो ख्रिस्ताच्या कृतीवरचा अविश्वास आहे.

दुसऱ्या गृहस्थांना आम्ही तेरची गोष्ट आठवून दिली. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मस्तके तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, अशी कथा आहे. नामदेव रुसून गेले. पण कच्चे म्हणून संतमंडळीने ते मडके फोडले नाही, उकिरड्यावर टाकले नाही. त्यांना विसोबा खेचरांचा मार्ग मिळाला, आणि आज वारकऱ्यांच्या ओठी नामदेवांचे अभंग आहेत. शिवाय आपण आपलेच थापटणे आपल्या डोक्यावर वाजवून पाहावे. आवाज कसा येतो तो ऐकावा. समितीत हशा पिकला आणि ते गृहस्थही हसले. त्यांचे मत पालटले की नाही, आम्हास ठाऊक नाही. लग्नाच्या दिवशी मात्र मुलीच्या वडिलांचा हात धरून त्यांना पुढच्या बाकावर नेऊन बसविणारे तेच होते.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या आजीबाई पुढे काही वर्षांनी वारल्या. त्यांच्या मातीला आम्ही गेलो होतो. आम्ही मागे उभे होतो. पाळकसाहेबांनी ओळखून पुढे बोलावले आणि शास्त्रपाठ वाचण्याची विनंती केली. आमच्या त्या चुकीची कथा त्यांच्या कानावर गेलेली असणारच, पण त्यांनी तिचा उच्चारही केला नाही. अनिसेटस यांनी पॉलिकार्प यांना दिलेला मान आम्ही पुस्तकात वाचला होता. त्याची चव त्या दिवशी कळली.

आपल्या घरी सून येईल, जावई येईल; एखादा मुलगा रागाने दुसऱ्या मंडळीत जाईल, तेथे पुन्हा पाण्यात उतरेल आणि एखाद्या नाताळच्या रात्री दारात येऊन उभा राहील. आपले मत आपल्याजवळ ठेवावे. ते स्पष्ट सांगावे. पण दार उघडताना, त्याच्या मस्तकावर लहानपणी जे पाणी ओतले गेले ते अजून वाळलेले नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.